सिमला परिषद वर्गात खेळली तेव्हा: अनेक पक्षांच्या वाटाघाटी कशा वाचायच्या?

"ताई, आमच्याकडे कुणी येतच नाहीये."

रोल-प्ले सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. एमएच्या दुसऱ्या वर्षाचे चौदा विद्यार्थी, सात भूमिका, प्रत्येक भूमिकेला दोघं. विषय होता जून १९४५ ची सिमला परिषद. काँग्रेस आणि मुस्लिम लीगच्या जोड्या खिडकीपाशी तावातावाने भांडत होत्या. व्हाइसरॉय वेव्हेल झालेला विद्यार्थी दोघांमध्ये ये-जा करून दमला होता. आणि कोपऱ्यातल्या बाकावर, अनुसूचित जातींचे प्रतिनिधी एन. शिवराज यांची भूमिका मिळालेल्या दोघी नुसत्या बसून होत्या. चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटल्या होत्या, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती.

मला आधी वाटलं, मुली लाजताहेत. मी म्हटलं, "अगं, उठा, जा, बोला कुणाशी तरी." त्या गेल्याही. काँग्रेसच्या जोडीने त्यांचं हसून स्वागत केलं, दोन वाक्यं बोलले आणि परत लीगकडे वळले.

घरी जाताना बसमध्ये लक्षात आलं की चूक त्यांची नव्हती. मी तयार केलेल्या खेळात त्यांच्याशी बोलायचं कारणच कुणाला नव्हतं. मग पुढचा प्रश्न आला: हे फक्त माझ्या खेळात होतं, की खुद्द सिमल्यातही असंच होतं?

आजचा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेटच्या, नेट-सेटच्या तयारीत असाल, किंवा सिनॉप्सिस लिहीत असाल. कुठल्याही परिषदेवर, करारावर, युतीवर काम करायचं डोक्यात असेल तर हे तुमच्या कामाचं आहे.

आधी परिषद काय होती ते बघू

१४ जून १९४५ ला वेव्हेलने रेडिओवरून आपली योजना जाहीर केली. व्हाइसरॉयचं कार्यकारी मंडळ नव्याने बनवायचं. व्हाइसरॉय आणि सरसेनापती सोडले तर त्यात सगळे सदस्य भारतीय असतील. सवर्ण हिंदू आणि मुसलमान यांना समसमान जागा मिळतील. इतर अल्पसंख्याकांनाही स्थान असेल. स्वतंत्र भारताची घटना कशी असावी, पाकिस्तान व्हावं की नाही, हा विषय या परिषदेपुढे नव्हताच. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काँग्रेस कार्यकारिणीचे नेते ऑगस्ट १९४२ पासून तुरुंगात होते. त्यातला बराच काळ आपल्या नगरच्या किल्ल्यात गेला होता. त्यांना सोडण्यात आलं आणि २५ जूनला सिमल्याच्या व्हाइसरीगल लॉजमध्ये परिषद सुरू झाली. काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून मौलाना आझाद, लीगचे जिना, पंजाबात युनियनिस्ट पक्षाचं सरकार चालवणारे खिझर हयात तिवाना, शिखांतर्फे मास्टर तारासिंग, अनुसूचित जातींतर्फे शिवराज. प्रांतांचे आजी-माजी पंतप्रधानही होते, त्यात मुंबईचे बाळासाहेब खेर. (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत.) गांधीजी सिमल्यात होते, पण परिषदेत बसले नाहीत. हिंदू महासभेला बोलावणं नव्हतं.

गाडी कशावर अडली हे तुम्हाला पाठ्यपुस्तकातून माहीत असेल. मंडळातले सगळे मुस्लिम सदस्य लीगच सुचवणार, असा जिनांचा आग्रह होता. हे मान्य करणं म्हणजे आपण फक्त हिंदूंचा पक्ष आहोत असं कबूल करणं, आणि तेही ज्या पक्षाचे अध्यक्ष आझाद आहेत त्या पक्षाने. काँग्रेसला ते शक्य नव्हतं. वेव्हेलला स्वतःला मुस्लिम जागांपैकी एक पंजाबच्या युनियनिस्टांना द्यायची होती. जिना नाही म्हणाले. १४ जुलैला वेव्हेलने परिषद संपल्याचं जाहीर केलं आणि अपयशाची जबाबदारी स्वतःवर घेतली.

परीक्षेत लिहायला एवढं पुरतं. संशोधनाला पुरत नाही.

दोघांचं भांडण आणि सातजणांचं भांडण

भाजीवालीशी घासाघीस करताना दोनच बाजू असतात. तुमचा आकडा, तिचा आकडा, मध्ये कुठेतरी सौदा. तिसरा माणूस आला की गोष्ट नुसती वाढत नाही, ती बदलते. आता कोण कोणाबरोबर जाईल हा प्रश्न येतो.

सोपं गणित करा. सात पक्ष असतील तर दोघादोघांच्या जोड्या होतात २१. दोन किंवा जास्त पक्षांचे एकत्र येणारे सगळे संभाव्य गट मोजले तर होतात १२०. एवढे गट कुणीही डोक्यात ठेवू शकत नाही. म्हणून प्रत्येक जण काही शक्यता न बोलताच गृहीत धरतो: हा त्याच्या खिशातला, तो आपल्याकडे येणार नाही, ह्याला विचारायची गरज नाही. इतिहासकाराने शोधायची असतात ती ही गृहीतकं. ती बहुतेकदा कुठल्याच ठरावात लिहिलेली नसतात.

सिमल्याचं उदाहरण घ्या. कागदावर सवर्ण हिंदू आणि मुसलमान समान. पण परिषद फिसकटल्यावर जिनांनी जी भूमिका मांडली ती वाचा. त्यांचा मुद्दा असा होता की शीख, अनुसूचित जाती वगैरेंचे सदस्य मतदानात काँग्रेसच्या बाजूने जाणार, आणि मग लीग मंडळात जेमतेम एक तृतीयांश उरणार. म्हणूनच मुस्लिम सदस्यांचा विरोध असेल तो निर्णय साध्या बहुमताने होऊ नये, अशीही त्यांची मागणी होती. दोघांतली समानता खोलीतली समानता ठरत नव्हती.

जिनांचा हिशोब बरोबर होता की चूक, ते क्षणभर बाजूला ठेवा. त्या हिशोबात शिवराज कुठे आहेत ते बघा. ते आहेत. त्यांची जागा मोजलेली आहे. फक्त त्यांना विचारलेलं नाही.

माझ्या वर्गातल्या त्या दोघींची अवस्था नेमकी हीच होती.

वर्गात हे खेळायची पद्धत आली कुठून?

थोडा मागचा धागा. खेळातून निर्णय शिकवायची पद्धत आधी लष्करात रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रशियात राइसविट्झ बापलेकांनी नकाशावरचा युद्धखेळ तयार केला. त्यात पंच असायचा आणि दोन्ही बाजूंना शत्रूची अर्धवटच माहिती मिळायची. ही अर्धवट माहिती महत्त्वाची. आजच्या रोल-प्लेमधल्या खासगी सूचनांचं मूळ तिथे दिसतं. १९५० च्या दशकात अमेरिकेत रँड संस्थेत राजकीय पेचप्रसंगांचे खेळ झाले, आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हॅरॉल्ड गेट्झकाव यांनी आंतरराष्ट्रीय संबंधांचं सिम्युलेशन वर्गात आणलं. पुढे १९८० च्या दशकात हार्वर्डच्या परिसरात वाटाघाटी हा स्वतंत्र विषय म्हणून उभा राहिला. १९८१ मध्ये फिशर आणि युरी यांचं पुस्तक आलं, १९८२ मध्ये हॉवर्ड रायफा यांचं. रायफांनी दोन पक्षांच्या आणि अनेक पक्षांच्या वाटाघाटी वेगवेगळ्या हाताळल्या, कारण दुसऱ्या प्रकारात युत्या येतात.

इतिहासाच्या वर्गात हे आणलं ते न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधले मार्क कार्न्स यांनी, १९९० च्या दशकात. विद्यार्थी काही आठवडे एकेका ऐतिहासिक व्यक्तीच्या भूमिकेत राहतात, मूळ ग्रंथ वाचून भाषणं करतात आणि शेवट इतिहासाप्रमाणे व्हायलाच हवा असं बंधन नसतं. यातला एक खेळ आपल्यावरच आहे. कार्न्स आणि भारताचे अभ्यासक एन्स्ली एम्ब्री यांनी १९४५ च्या सिमल्यावर तो रचला.

पण त्या खेळात चर्चा असते ती भारताच्या भवितव्याची: सत्ता कुणाकडे जाणार, पाकिस्तान होणार का, संस्थानांचं काय. खऱ्या परिषदेपुढे यातलं काही नव्हतं हे मी वर सांगितलं. शिकवण्याच्या दृष्टीने हा बदल समजण्यासारखा आहे. सगळ्यांच्या मनात जे होतं ते टेबलावर आणलं की चर्चा रंगते. पण संशोधक म्हणून तुम्ही इथे थांबायला हवं. टेबलावर काय ठेवायचं नाही हे कुणी ठरवलं? ते ठरवणं हीच वाटाघाटीतली पहिली चाल असते, आणि सिमल्यात ती सरकारने परिषदेच्या आधीच खेळून टाकली होती.

माझी चूक: शून्य गुण

आता माझ्या प्रयोगाकडे. मी प्रत्येक जोडीला दोन पानं दिली होती. पहिल्यावर जाहीर भूमिका, दुसऱ्यावर खासगी सूचना: कशावर अडून बसायचं, काय सोडलं तरी चालेल. उत्साहाच्या भरात मी गुणांची पद्धतही ठेवली. प्रत्येक मिळवलेल्या मुद्द्याला गुण. करार झालाच नाही तर सगळ्यांना शून्य.

काय झालं असेल? तीन तासांत करार! लीगच्या जोडीने चार जागा आपल्या आणि एक युनियनिस्टांची हे मान्य केलं. वर्गात टाळ्या. एक जण म्हणाला, "बघा, आम्ही फाळणी टाळली." सगळे हसले. मीही हसले, आणि मग पोटात गोळा आला, कारण मी नकळत एक खोटा इतिहास शिकवून बसले होते. माझ्या विद्यार्थ्यांचा निष्कर्ष असा झाला होता की जिना समजूतदार असते तर सिमल्यात जमलं असतं.

चूक त्या शून्यात होती. करार मोडला तर सगळ्यांचं सारखंच नुकसान, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. फिशर आणि युरींचा सगळ्यात उपयोगी प्रश्न नेमका हाच आहे: करार झाला नाही तर तुमच्या हातात काय उरतं? ज्याच्या हातात जास्त उरतं तो उठून जाऊ शकतो.

जिनांच्या हातात काय उरत होतं? 'मुसलमानांचा एकमेव पक्ष' हा दावा. पंजाबात तेव्हा सरकार युनियनिस्टांचं होतं, म्हणजे दावा पूर्ण सिद्ध झालेला नव्हता. एका बिगर-लीग मुसलमानाला मान्यता दिली असती तर तो सहीनिशी संपला असता. परिषद मोडली तर तो शाबूत राहत होता. शिवाय जिना नाही म्हणाले की परिषदच संपते, हे सगळ्या देशाला दिसलं. मोडलेल्या परिषदेनेही त्यांचं वजन वाढवलं. त्याच वर्षाअखेरीस झालेल्या निवडणुकीत लीगने मध्यवर्ती कायदेमंडळातल्या मुसलमानांच्या सगळ्या ३० जागा जिंकल्या.

काँग्रेसचंही तसंच. जिनांची अट मान्य करून खुर्च्या मिळवणं म्हणजे राष्ट्रीय पक्ष असल्याचा आपला दावा गमावणं. खुर्च्या नंतरही मिळाल्या असत्या.

आणि शिवराज? त्यांच्या बाजूने करार झाला तर थोडं मिळत होतं, मोडला तर जवळपास काहीच नाही. ज्याला उठून जाणं परवडत नाही, त्याच्याकडे कुणी चालत येत नाही. माझ्या दोन विद्यार्थिनी त्या बाकावर का बसून राहिल्या, याचं उत्तर मला इथे मिळालं.

त्या दोघींनी काय केलं

हे सांगायचं राहिलं. दुसऱ्या फेरीत त्यांनी कुणाशी बोलायचा प्रयत्नच सोडला. वहीचं पान फाडलं, थेट व्हाइसरॉयला पत्र लिहिलं आणि ते वर्गासमोर वाचून दाखवायला लावलं. मुद्दा एकच: तुमच्या हिशोबात आमच्या माणसांचा हिशोब कुठे आहे?

खेळ संपल्यावर मी त्यांना 'ट्रान्सफर ऑफ पॉवर' या कागदपत्रांच्या मालिकेचा पाचवा खंड काढून दिला. त्यात ७ जून १९४५ चं डॉ. आंबेडकरांचं वेव्हेलला लिहिलेलं पत्र आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. म्हणजे नव्या योजनेत जे मंडळ जाणार होतं त्यातच ते बसलेले होते आणि परिषदेच्या टेबलावर मात्र नव्हते. मुसलमानांना पाच जागा आणि अस्पृश्यांना एक, हे कुठलं गणित, असा त्यांचा सवाल होता. लोकसंख्येचे आकडे पुढे ठेवून त्यांनी तो विचारला होता.

तारीख पुन्हा बघा. ७ जून. योजना जाहीर झाली १४ ला, परिषद भरली २५ ला. टेबलावर बोलून काही हाती लागणार नाही हे ओळखलेल्या माणसाने टेबल मांडलं जाण्याआधी पत्र लिहिलं. फक्त परिषदेचं इतिवृत्त वाचणाऱ्या संशोधकाला ही वाटाघाट दिसणारच नाही. त्याला वाटेल, अनुसूचित जातींची बाजू सिमल्यात फारशी मांडली गेली नाही.

पत्र वाचून त्यांच्यापैकी एक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही बरोबर खेळलो होतो."

दुसऱ्या वर्षी

पुढच्या तुकडीसोबत मी गुण काढून टाकले. त्याऐवजी प्रत्येक जोडीने आधी एक पान लिहायचं: परिषद मोडली तर आपलं काय होईल. अट अशी की २५ जून १९४५ पर्यंत त्या माणसाला जे माहीत असू शकलं असतं तेवढंच वापरायचं. ही अट फार कठीण जाते. ब्रिटनमध्ये ५ जुलैला मतदान होणार हे ठाऊक होतं. मजूर पक्ष जिंकला हे कळलं २६ जुलैला, परिषद संपल्यावर. लीगच्या ३० जागा तर त्याहून पुढच्या. आपल्याला सगळं माहीत असतं, त्यांना नव्हतं. वर मी स्वतः त्या ३० जागा सांगितल्या, पण जिनांच्या नकाराचं कारण म्हणून त्या चालणार नाहीत. नकाराच्या दिवशी त्यांच्यासमोर होता तो फक्त दावा आणि धोका.

या वेळी करार झाला नाही. पण म्हणून माझं म्हणणं सिद्ध झालं असं मी लिहिणार नाही, आणि तुम्हीही तुमच्या प्रबंधात असं काही लिहू नका. नियम मी बदलले, निकाल बदलला, एवढंच त्यातून कळतं. चौदा मुलांनी एका दुपारी काय केलं हा १९४५ चा पुरावा होऊ शकत नाही. मुलांना संध्याकाळी घरी जायचं असतं. त्या नेत्यांना आपल्या माणसांसमोर जाऊन उत्तर द्यायचं होतं.

मग खेळायचं कशाला? कारण खेळ तुम्हाला प्रश्न देतो. त्या बाकावर दोघी बसल्या नसत्या तर मी पाचवा खंड इतिवृत्तापासून उघडला असता आणि ७ जूनचं पत्र 'पार्श्वभूमी' म्हणून उलटून पुढे गेले असते.

तुमच्या कामासाठी

तुमचा विषय कुठलाही असो, गोलमेज परिषद, पुणे करार, एखाद्या धरणाच्या पाण्याचा तंटा, नाहीतर युती सरकारचा किमान समान कार्यक्रम. कागदपत्रं उघडण्याआधी एका कोऱ्या पानावर हे प्रश्न लिहून ठेवा.

१. टेबलावर कोण होतं, आणि कुणाला बोलावलंच नव्हतं? यादी कुणी केली?

२. कोणता विषय चर्चेला ठेवला नव्हता? तो बाजूला ठेवण्यात कुणाचा फायदा होता?

३. करार मोडला असता तर प्रत्येकाच्या हातात काय उरत होतं? त्या दिवशीच्या माहितीवर उत्तर द्या, आजच्या नाही.

४. कोण कुणाला गृहीत धरून मोजत होतं? ज्याला गृहीत धरलं, तो स्वतः काय म्हणत होता, आणि कुठे?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मुख्य फाइलीत सहसा सापडत नाही. ते आधीच्या पत्रात असतं, वर्तमानपत्रात असतं, एखाद्या सभेच्या ठरावात असतं. शोधायला वेळ लागतो. गाईड विचारतील, "याची गरज आहे का?" तेव्हा त्यांना ७ जून आणि २५ जून या दोन तारखा सांगा.

आणि जमलं तर चार मित्र जमवून तुमचा विषय एकदा खेळून बघा. भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटा. तुमच्या वाट्याला कोपऱ्यातला बाक आला तर लगेच उठू नका. थोडा वेळ बसा आणि तिथून खोली कशी दिसते ते वहीत लिहून ठेवा.